गाडी ओढत नाही, डिझेल मात्र खाते



आज बोलायचं आहे डिझेलच्या गाडीबद्दल. गटांच्या, ग्रामसंघांच्या नावावर आता गाड्या आहेत. कुणाची भाजीची पिकअप, कुणाचा दुधाचा टेम्पो, कुणाच्या घरचा ट्रक. आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना 2017 साली सुरू झाली, तेव्हापासून गटातल्या बायकांच्या हाती प्रवासी गाड्याही आल्या. कागदावर मालकीण आपण, हप्ताही आपणच भरतो. पण बॉनेट उघडलं की आपण दोन पावलं मागं सरकतो आणि मिस्त्री जे बोलेल त्याला मान डोलावतो.

गाडी बंद पडली तर ते सगळ्यांना दिसतं. पण गाडी चालू आहे, नुसती ओढ कमी झाली आहे आणि डिझेल जास्त जातंय, हे दुखणं वाईट. ते हळूहळू वाढतं. महिनाअखेरीला हिशेब लागत नाही तेव्हा कळतं, आणि तोवर माणसं एकमेकांकडे संशयानं बघायला लागलेली असतात.

आमच्या ग्रामसंघाची पिकअप 2018 सालची आहे, आम्ही ती जुनी घेतली. पुरंदरातून अंजीर, सीताफळ, वाटाणा, पालेभाजी घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डला जाते आणि येताना पशुखाद्याची पोती, खत, गटाच्या दुकानाचा किराणा घेऊन दिवे घाट चढते. म्हणजे जाताना भरलेली गाडी घाट उतरते आणि येताना भरलेलीच चढते. पूर्वी लिटरला 13 किलोमीटर द्यायची. गेल्या पावसाळ्यात चालक सांगायला लागला, "गाडी ओढत नाही. जो चढ तिसऱ्या गिअरवर जायचा तिथं दुसरा टाकावा लागतो." दोन महिन्यांत ॲव्हरेज 10 वर आलं.

तीनच किलोमीटर कमी झाले, असं वाटेल. पण आमची गाडी महिन्याला साधारण 2,600 किलोमीटर चालते. 13 च्या हिशेबानं 200 लिटर डिझेल लागतं, 10 च्या हिशेबानं 260. लिटरला 90 रुपये धरले तर 60 लिटरचे 5,400 रुपये. आमच्या गाडीच्या हप्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे सायलेन्सरमधून बाहेर जात होते.

महिन्याच्या बैठकीत विषय निघाला. एक जण म्हणाली, गाडी जुनी, इंजिन गेलं, विकून टाका. दुसरी म्हणाली, "डिझेल कुठं जातंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही एवढंच." आमचा चालक आमच्याच एका सदस्य ताईंचा मुलगा आहे. त्या ताई तिथंच बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि सतरंजीचा दोरा ओढत बसल्या.

तेव्हा आमच्या लेखापाल ताई बोलल्या. त्या फार शिकलेल्या नाहीत, पण हिशेबाला पक्क्या. म्हणाल्या, "डिझेल विकलं तर टाकी रिकामी होईल, हे खरं. पण डिझेल विकल्यानं गाडी घाटात का बसेल?"

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं हे एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ आहे. टाकीतून डिझेल चोरीला गेलं तर ॲव्हरेज कमी दिसतं, पण गाडीच्या ताकदीला काही होत नाही. ओढ आणि ॲव्हरेज दोन्ही एकदम घसरले, तर दुखणं बहुधा गाडीत असतं. उलट गाडी घाट पूर्वीसारखाच चढते आणि तरी डिझेल जास्त लागतं, तर आधी हिशेब तपासा, मापही तपासा. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून आपल्यासमोर मोजून घ्यायचा ग्राहकाला हक्क आहे. त्यात लाजायचं काय?

आता मोजायचं कसं. "पाचशेचं टाका" असं करून ॲव्हरेज कधीच कळत नाही. टाकी फुल करायची. नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं, वरून आणखी घालायचं नाही. त्या वेळचं किलोमीटर लिहायचं. मग नेहमीसारखी गाडी चालवायची आणि टाकी अर्ध्याखाली आली की त्याच पंपावर, त्याच मशिनवर, गाडी त्याच जागी सपाट उभी करून पुन्हा तशीच फुल करायची. चाललेले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज. एकदा मोजून भागत नाही. दोन-तीन टाक्यांचा हिशेब जुळला की तो खरा धरायचा.

आम्ही त्यासाठी एक वही केली. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, माल किती होता, कुठं गेली होती, आणि शेवटी मोठा रकाना शेऱ्याचा. शेऱ्याच्या रकान्यात चालकानं आपल्या शब्दांत लिहायचं. "वडकीच्या पुढं चढाला धूर." "मार्केट यार्डात दोन तास रांग, इंजिन चालू." असे शेरे फार उपयोगी पडतात. ही रांगेची गोष्टच बघा. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज पितं आणि किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. आडतीवर रोज दोन तास इंजिन चालू राहिलं तर गाडीत काहीही बिघाड नसताना ॲव्हरेज पडेल. क्रेट केबिनच्या वर रचले, ताडपत्री फडफडत राहिली, सपाट रस्त्यावर गाडी ऐंशीनं पळवली, तरी डिझेल जास्तच जाणार. हे आधी बाजूला काढायचं, मग गाडीकडे वळायचं.

आमच्या तीन टाक्यांचा हिशेब 10 च्याच आसपास आला. रांग पूर्वीइतकीच होती, मालही तेवढाच. म्हणजे दुखणं गाडीतच होतं.

मग गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथं इंजिन दोनदा रेस केलं, धूर बघितला आणि सांगितलं, "पंप-नोझल काढावे लागतील, टर्बोही गेलाय. बेचाळीस हजार धरा." आम्ही विचारलं, कशावरून? उत्तर मिळालं, "ताई, तुम्हाला सांगून कळणार आहे का?" आमच्या अध्यक्ष ताईंनी शांतपणे चावी मागून घेतली.

दुसरे मिस्त्री आम्हाला तालुक्याच्या गावी भेटले. वयस्कर माणूस, बोलायला मोकळा. त्यांनी आधी वही मागितली. त्यांचं एक म्हणणं आम्हाला पटलं. ते म्हणाले, गाडी दमते तेव्हा दोन प्रश्न विचारायचे. इंजिनच कमजोर झालंय, की इंजिन बरं आहे आणि गाडीला कुणीतरी मागून धरून ठेवलंय? बैल अशक्त आहे की गाडीचं चाक अडकलंय, हे आपले आजे जसं बघायचे, तसंच.

धरून ठेवणाऱ्या गोष्टी आधी बघायच्या, कारण त्या स्वस्तात सुटतात. पहिली टायरमधली हवा. किती हवा हवी ते दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीला वेगळी आणि भरलेल्या गाडीला वेगळी. टायर थंड असताना मोजायची. दुसरी गोष्ट ब्रेक. आठ-दहा किलोमीटर, फारसा ब्रेक न मारता गाडी चालवायची, थांबवायची आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्यायचा. हात लावायचा नाही हं, भाजेल. तव्यावर भाकरी टाकण्याआधी आपण वरून हात धरून अंदाज घेतो, तसा. चारांपैकी एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथं ब्रेक चिकटतोय. आमचं मागचं डावं चाक असं तापलेलं निघालं. मिस्त्रींनी जॅक लावून चाक हातानं फिरवलं तर ते घासत, अडखळत फिरत होतं. हँडब्रेकची केबल पावसात गंजली होती. हँडब्रेक खाली केला तरी केबल पूर्ण मागं येत नव्हती. म्हणजे आमची पोती घाट चढत होती आणि एक ब्रेक अर्धवट लागलेला होता.

तिसरी गोष्ट क्लच. चढाला रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, वर जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरतेय. त्यात इंजिनचा काही दोष नसतो. आमचा क्लच ठीक होता.

आता इंजिन. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती दाबानंच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची बारीक फवार सोडली की ते पेट घेतं. म्हणून या इंजिनाला दोन गोष्टी हव्यात, पुरेशी हवा आणि योग्य फवारलेलं डिझेल. हवेची भूक किती असते याचा अंदाज आपल्याला नसतो. एक लिटर डिझेल नीट जळायला कमीत कमी 10,000 लिटरच्या आसपास हवा लागते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दहा टाक्या भरतील एवढी हवा एका लिटरला! ती सगळी एका कागदी फिल्टरमधून आत जाते. आता दिवे घाटातला पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचा फुफाटा डोळ्यांपुढं आणा.

हवा कमी पडते की डिझेल कमी पडतं, हे ओळखायला धूर मदत करतो, आणि धुरातलं आपल्याला पुष्कळ कळतं. चुलीत लाकडं गच्च कोंबली, वारा जायला वाट नाही, की काळा धूर होतो आणि भांडी काजळतात. इंजिनाचंही तसंच. चढाला, माल असताना सतत काळा धूर येतो म्हणजे डिझेल आहे पण त्याला हवा पुरत नाही. न जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. ताकद कमी आणि खर्च जास्त, दोन्ही एकाच वेळी. डिझेलच कमी पडत असेल तर गाडी दमते, धक्के देते, मध्येच गुदमरल्यासारखी होते, पण काळा धूर येत नाही. या फरकावरून निम्मा शोध लागतो.

पांढरा धूर थंडीच्या सकाळी मिनिटभर आला तर काळजी नाही. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल तर डिझेल नीट पेटत नाही. रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर गाडी पुढं नेऊ नका, पाणी इंजिनात उतरत असण्याची शक्यता आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आठवड्याला बघायची सवय असेल तर हे आधीच कळतं.

आमच्या गाडीला काळा धूर होता, म्हणून मिस्त्रींनी हवेच्या वाटेनं शोध घेतला. पहिलं एअर फिल्टर. आतून बॅटरीचा उजेड मारला तर बाहेर एक किरण येईना. घड्यांमध्ये माती अशी बसली होती की टिचकी मारली तर चमचाभर खाली पडली. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. झटकायचा असेल तर हलक्या हवेनं आतून बाहेर, जोराच्या हवेनं कागद फाटतो. आणि "फिल्टर काढूनच चालवा, गाडी मस्त पळते" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती माती सरळ इंजिनात जाते आणि रिंगा, सिलिंडर घासून टाकते. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलायला हवा.

फिल्टरच्या पुढं टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. ती दाबलेली हवा मध्ये इंटरकूलरमध्ये थंड होते. या सगळ्या वाटेवर रबरी पाइप असतात आणि पट्ट्यांनी आवळलेले असतात. पाइपाला चीर गेली की टर्बो बिचारा हवा ढकलतोय आणि ती वाटेतच निसटतेय, ठिबकची नळी मध्ये फुटल्यावर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही तसं. गाडी उभी असताना काही कळत नाही, कारण तेव्हा पाइपात दाबच नसतो. चढाला, रेस दिल्यावर "फुस्स" असा किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. चीर असेल त्या जागी तेलकट ओल दिसते आणि तिच्यावर धूळ चिकटलेली असते.

आमची चीर पाइपाच्या खालच्या अंगाला होती, वरून बघणाऱ्याला कधीच दिसली नसती. मिस्त्रींनी साबणाचं पाणी लावलं, इंजिन रेस करायला सांगितलं आणि बुडबुडे आले. त्यांनी आम्हाला वाकून बघायला लावलं. टर्बोचं चाकही त्यांनी हातानं हलवून तपासलं, ते घट्ट होतं. पहिल्या गॅरेजनं बदलायला काढलेला टर्बो चांगलाच होता.

इथं आम्ही एक गोष्ट ठरवून केली. तीनही कामं एका दिवशी करून घेतली नाहीत. एक काम, मग दोन टाक्या चालवून मोजणी, मग पुढचं काम. मिस्त्री हसले, पण हो म्हणाले. फिल्टर बदलला, ॲव्हरेज 10.6 झालं. हँडब्रेकची केबल बदलली आणि टायरची हवा नीट केली, 11.3 झालं. पाइप बदलला, 12.8. घाटात पुन्हा तिसरा गिअर. फिल्टरला 750, केबल मजुरीसकट 1,300, पाइप, पट्ट्या आणि मजुरी मिळून 2,500. एकूण 4,550 रुपये. एका महिन्यात वाया जाणाऱ्या डिझेलपेक्षा कमी.

पुढच्या बैठकीत लेखापाल ताईंनी वही वाचून दाखवली. चालकाच्या आईनं वही हातात घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि परत दिली. जी ताई डिझेलवरून बोलली होती, तिनं चहा केला. कुणी काही बोललं नाही, पण चालकाचा पगार वाढवायचा ठराव त्याच दिवशी झाला आणि सूचक म्हणून तिचीच सही आहे.

आता तुमच्या गाडीला काळा धूर नसेल आणि तरी ती दमत असेल तर डिझेलच्या वाटेनं जायचं. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी साठायची जागा असते आणि खाली एक स्क्रू. तो सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. पावसाळ्यात, आणि कॅनमध्ये साठवलेलं डिझेल घालणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं. डिझेल फिल्टर तुंबलेला असेल तर गाडी रिकामी नीट पळते आणि भरली की गुदमरते, कारण भरल्यावर तिला जास्त डिझेल हवं असतं आणि तेवढं फिल्टर सोडत नाही. हे सगळं तपासून झाल्यावर, आणि त्यानंतरच, पंप आणि नोझलकडे जायचं. नोझल खराब होतच नाहीत असं नाही. होतात. पण ते काढून चाचणीच्या यंत्रावर तपासता येतात. "तपासणीचा कागद दाखवा, मग बदला," असं सांगायचं.

इथं एक धोक्याची सूचना. डिझेलचा पाइप गळतोय का ते इंजिन चालू असताना हातानं चाचपायचं नाही. आपल्या पिकअपच्या टायरमध्ये पन्नास-साठ पौंड हवा असते. नव्या इंजिनांत नोझलकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब वीस हजार पौंडांच्याही पुढे जातो. केसाएवढ्या भोकातून आलेली ती धार कातडी भेदून आत शिरते. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात जायची वेळ येते. असं झालं तर तडक दवाखाना गाठायचा. आणि चालू इंजिनावर वाकताना पदर, ओढणी कमरेला खोचा. पंख्याला कळत नाही.

एप्रिल 2020 नंतरच्या, म्हणजे बीएस सिक्स गाड्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. त्यामुळं आत हवा कमी पडत असली तरी बाहेर काळा धूर दिसेलच असं नाही. काजळी त्या जाळीत साठते. लांबच्या रस्त्यावर गाडी एकसारखी चालली की जाळी तापते आणि काजळी जळून जाते. गावातल्या गावात पाच-सहा किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या दुधाच्या गाडीला ती संधी मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्या वेळी गाडी मोकळ्या रस्त्यानं एकसारखी चालवली तर बहुतेकदा दिवा जातो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच ताकद कमी करून घेते. रेस कितीही दाबा, ती एका मर्यादेपुढं जात नाही. मालकिणीला वाटतं इंजिन बसलं.

अशा गाडीला मिस्त्री स्कॅनर लावतात. लावू द्या. पण जो कोड आला तो कागदावर लिहून घ्या. कोड म्हणजे निदान नव्हे. "हवेचा दाब कमी" असा कोड आला तर त्याचा अर्थ टर्बो बदला असा होत नाही. दाब कमी का, ते शोधायचं काम शिल्लकच असतं, आणि ते चिरलेल्या पाइपापासून सुरू होतं.

ज्यांच्या घरी मोठे बीएस सिक्स ट्रक आहेत त्यांना डीईएफची वेगळी टाकी माहीत असेल. त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. कुणीतरी डोकं चालवून शेतातला युरिया विहिरीच्या पाण्यात कालवून घालतो. त्यानं ती सगळी यंत्रणा चोंदते आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. ते पिकालाच घाला.

मागच्या कार्यक्रमानंतर एका गटानं विचारलं होतं, ट्रॅक्टरलाही हेच लागू का? धूर, फिल्टर, डिझेलमधलं पाणी, हे सगळं तसंच. फक्त ॲव्हरेज किलोमीटरवर काढू नका. मीटरवरचे तास लिहा आणि तासाला किती लिटर ते काढा, काम कोणतं होतं तेही लिहा, कारण नांगरट आणि ट्रॉली यांचा हिशेब एक नसतो. अनेक जुन्या ट्रॅक्टरांना कागदी फिल्टरऐवजी तेलाची वाटी असलेला एअर क्लीनर असतो. मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज संध्याकाळी उघडून बघा. तेल चिखलासारखं झालं असेल तर ओतून टाका, वाटी पुसा आणि नवं तेल आतल्या खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर तेल ओढलं जाऊन इंजिनात जातं.

वहीचे रकाने कसे पाडायचे ते कुणाला हवं असेल तर केंद्रावर निरोप ठेवा, आमच्या वहीचं पान पाठवून देऊ.